जीवाश्म लाकडातलं मिनरल म्हणजे सुकलेली राळ नव्हे

एक पोस्ट फिरतेय, बऱ्याच जणांनी पुढे पाठवलीये. म्हणे ऑरगॅनिक मिनरल, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या संयुगाचं खनिज, असलं काही नसतंच, झाडातून आलेलं काही मिनरल होत नाही, जीवाश्म लाकूड म्हणजे निव्वळ दगड, त्यात चमकतं ते अंबर, म्हणजे जुनी घट्ट झालेली राळ, आणि हाताच्या उबेने मऊ पडेल ते कसलं मिनरल! चुकीचं आहे हे, आणि शाळेतली पोरं हेच खरं धरतात म्हणून लिहितोय.

आधी झाडाचं. मिनरल ठरतं ते भूगर्भातल्या प्रक्रियेतून बनलं का, स्फटिक आहे का, रचना ठरलेली आहे का यावरून. कार्बन-हायड्रोजनला बंदी नाही, मिनरलच्या वर्गीकरणात ऑरगॅनिकचा वेगळा वर्गच आहे. जिवंत झाडातली राळ मिनरल नाही हे बरोबर, पण पुढे काय होतं ते बघा. जर्मनीत बव्हेरियातल्या फिख्टेलगेबिर्गे डोंगरात पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीत पाइनची खोडं गाडली गेलीत, ती फोडली की वाढीच्या कड्यांमध्ये, भेगांत पांढरे पातळ चकचकीत पापुद्रे दिसतात. ते फिख्टेलाइट, 1841 मध्ये नोंदवलेलं. पाइनच्या राळेतलं अबिएटिक अॅसिड गाडलं गेल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हायड्रोजन जोडला जातो, आणि उरतं C₁₉H₃₄, म्हणजेच फिख्टेलाइट. हे काम झाडाने नाही केलं, जमिनीने केलं.

अंबरचं तर उलटंच आहे. अंबरला ठरलेलं सूत्र नाही, स्फटिक रचना नाही, म्हणून काटेकोर व्याख्येत अंबरच मिनरल नाही! फिख्टेलाइटचे स्फटिक मात्र मोनोक्लिनिक, म्हणजे ठरलेल्या एका प्रकारच्या रचनेचे.

जीवाश्म लाकूड म्हणजे दगड, हे आपल्याकडे वाटणं साहजिक आहे, सिरोंच्याजवळ वडधमला जी खोडं आहेत ती सिलिकाची झालेली. पण लिग्नाइट (तपकिरी कोळसा) आणि पीटमधलं लाकूड दगड न होता कार्बनचंच राहतं, आणि असली मिनरल्स तिथेच मिळतात. ऑस्ट्रियात ओबरहार्टच्या लिग्नाइटमधलं हार्टाइट, इटलीत तोस्कानातल्या फोन्यानोचं सिमोनेलाइट.

राहिला वितळण्याचा मुद्दा. फिख्टेलाइट साधारण 46 अंशांना वितळतं, मे महिन्यात चंद्रपूरला उन्हात ठेवलं तर पातळ होईल, मान्य. पण बर्फ 0 अंशाला वितळतो आणि नैसर्गिक बर्फ मिनरलच्या यादीत आहेच की.