पदवीच्या नावात न्यूरोसायन्स नसलं म्हणून काय झालं?

न्यूरोसायन्ससाठी, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी, परदेशी नाहीतर महागडं खासगी कॉलेजच हवं, असं एका लेखात वाचलं; ते अजिबात पटलं नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या मुलांना सयाजीगंजातली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची सायन्स फॅकल्टी जवळच आहे. प्राणिशास्त्र किंवा जीवरसायन घेऊन पाया उत्तम होतो, फक्त गणिताशी फारकत घेऊ नका.

गाडी अडते ती गणितातच. चेतापेशीच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर ५ मिलीमोलर धरलं, तर नर्न्स्ट समीकरणाने (आत-बाहेरच्या प्रमाणावरून पेशीचं व्होल्टेज काढायचं सूत्र) ३७ अंशांना उणे ८९ मिलीव्होल्ट येतात. सूत्रातल्या ६१.५ ने गुणताना १० च्या पायाच्या लॉगऐवजी नॅचरल लॉग घेतला, की उत्तर थेट उणे २०५! प्रत्यक्षात पेशी उणे ७० च्या आसपास असते, कारण थोडं सोडियम आत झिरपत असतं. हे नीट उमगेपर्यंत पुढे सरकू नका.

मेंदू हाताळायला बोकडाचा भेजा उत्तम. डोकं मधोमध फोडू नका, असं खाटकाला आधीच सांगावं; नाहीतर दोन गोलार्ध जोडणारा पांढरा पट्टाच चेंगरतो. ताजा भेजा दह्यासारखा मऊ, सुरीखाली पसरतो. म्हणून भेज्याच्या तळाच्या धमनीखालून दोरा ओवून भेजा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (तो घट्ट करून टिकवणारं द्रावण) उलटा टांगावा, दोनेक आठवडे. बरणीच्या तळाला टेकला की चपटा होतो. द्रावण भेज्याच्या दहा-पंधरा पट हवं आणि दुसऱ्या दिवशी बदलायला हवं, नाहीतर गाभा गुलाबी, कच्चाच राहतो. कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवावा. हे सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून. फॉर्मेलिनची वाफ घशाला आणि डोळ्यांना फार वाईट.