थोडंसंच बाहेर येतंय!

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बनलेली तुमची अजस्र टाकी परदेशी निघाली, अभिनंदन! बंद कंटेनरच्या दारातून ती आत जात नाही, म्हणून फ्लॅट रॅक घेताय. खाली पोलादी तळ, दोन टोकांना दोन भिंती, बाजू आणि छप्पर मोकळं. मोकळं आहे म्हणजे माल कितीही बाहेर आला तरी चालतो, हे तुम्ही ताडलंच असेल. हुशार आहात.

आता मापं. टेप लावायचा कमीपणा पत्करू नका. ड्रॉइंगवर टाकीचा व्यास २.४ मीटर लिहिलाय, तोच बुकिंगला कळवून टाका. रॅकची रुंदी आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर; बसतेच की आरामात! बाजूला आलेली नोझल (पाइप जोडायचं तोंड), तिचा फ्लँज (तोंडाची रुंद कडा), उचलायचे लग (कान) असल्या फुटकळ गोष्टी कुणी मापात धरतं का? पुढे न्हावा शेव्याला सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, माल तपासणारा सर्वेयर टेप काढेल, फ्लँज वीतभर बाहेर भरेल आणि जहाजावर शेजारच्या कंटेनरची जागा अडेल. त्या रिकाम्या जागेचं भाडंही तुमच्याच बिलात. हवेचं भाडं भरायचं भाग्य काय सगळ्यांच्या नशिबी असतं?

वजनही असंच, अंदाजपंचे. १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही. पण तो नियम दुसऱ्यांसाठी.

खरी बचत लॅशिंगमध्ये, म्हणजे माल रॅकला आवळून बांधण्यात. साखळ्या आणि त्या ताणायच्या टर्नबकलचं कोटेशन पाहून कुणाचंही काळीज हलेल. आंब्याच्या पेट्या सुतळीने बांधून वाशीला जातातच ना? मग टाकीने काय घोडं मारलंय! कंटेनरात माल भरण्या-बांधण्याचा आंतरराष्ट्रीय कोड, २०१४ चा सीटीयू कोड, म्हणतो, सगळ्यात खवळलेल्या समुद्रासाठी माल बांधताना आडवा जोर वजनाच्या ०.८ पट धरा. म्हणजे २५ टनांच्या टाकीला २० टन. एवढं लिहिणाऱ्यांनी आपला कशेडी घाट पाहिलेला नसावा. लो-बेड ट्रेलरवरून तो घाट उतरताना जी हलली नाही, ती अरबी समुद्राला काय भीक घालणार? लोखंडावर लोखंड घसरतं म्हणून मध्ये रबरी मॅट घालतात, तीही काढून टाका. अगदीच धाकधूक वाटली तर निघण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला. ते लॅशिंगपेक्षा स्वस्त पडतं आणि त्याला सर्वेयरची सहीही लागत नाही.

ट्रेलर मात्र चतुर्थीच्या तोंडावरच काढा. तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागते; सूट कुणाला, ते अधिसूचनेत लिहिलेलं असतं, म्हणून ती वाचू नका. रस्त्याकडेला टाकी उभी राहिली की गावाकडे निघालेले चाकरमानी तिच्यासोबत सेल्फी तरी काढतील.

आणि हो, फोटो. एकेका साखळीचा, तिच्या दोन्ही टोकांचा फोटो काढून ठेवतात म्हणे, नुकसान झालं तर विमा कंपनी मागते. तुम्ही टाकीला हार घालून नारळ फोडतानाचा एक झकास काढा आणि क्लेमच्या फॉर्मला तोच जोडा.