"सात दिवसांचे लॉग पुरेत" म्हणे! कशाला पुरेत?

ऑटोमेशन करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं लावणाऱ्यांमध्ये, सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. थोडक्यात असा: रन लॉग (काम प्रत्येक वेळी चालल्याची नोंद) सात दिवस ठेवा, त्यातही फक्त फेल झालेले, बाकी उडवून टाका, कारण एरर आला तर त्याच दिवशी कळतो, जुनं कोणी बघत नाही, डिस्क उगाच भरते, आणि मोठी टूल्सही तेवढंच ठेवतात. ऐकायला एकदम सुटसुटीत, म्हणूनच पटापट पुढे जातोय. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धंच खरंय, त्यामुळे एकेक घेऊया.

"सात दिवस पुरे."

दर मिनिटाला चालणारा जॉब (असं एखादं आपोआप चालणारं काम) सात दिवसांत 10,080 वेळा चालतो आणि महिन्यातून एकदा चालणारा बहुतेक आठवड्यांत एकदाही चालत नाही, मग दोघांना एकच आकडा कसा काय लावणार? समजा जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) ची मुदत 11 तारखेची, म्हणून सेल्सचा डेटा गोळा करणारा फ्लो (एकामागोमाग पायऱ्यांचा जॉब) दर 8 तारखेला चालतो. या महिन्यात टोटल चुकली की पहिला प्रश्न हाच येतो की मागच्या महिन्यात किती रो (डेटाच्या ओळी) आल्या होत्या, आणि तो रन तर केव्हाच गेलेला. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लोच्या पानावरच 28 दिवसांची रन हिस्ट्री असं लिहिलेलं असतं, म्हणजे 30-31 दिवसांच्या महिन्यात मासिक फ्लोचा आधीचा रन पुढचा चालायच्या आधीच यादीतून गायब. माझं मत सरळ आहे, दिवस मोजू नका, फेऱ्या मोजा. जॉबच्या निदान तीन फेऱ्या हाताशी हव्यात, म्हणजे मासिक जॉबला साधारण 100 दिवस आणि तिमाही जॉबला जवळपास वर्ष.

"मोठी टूल्सही तेवढंच ठेवतात."

कुठली? कोडवरची कामं आपोआप चालवणारं गिटहब अ‍ॅक्शन्स लॉग डिफॉल्टने 90 दिवस ठेवतं, प्रायव्हेट रिपोला (खासगी कोड-साठ्याला) ते 400 पर्यंत वाढवता येतं. जेनकिन्स (सॉफ्टवेअर बिल्ड चालवणारं टूल) आणि क्लाउडवॉच (अमेझॉनची लॉग ठेवायची सेवा) तर तुम्ही सांगेपर्यंत काहीच डिलीट करत नाहीत. उलट घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट प्रत्येक ऑटोमेशनचे फक्त शेवटचे 5 ट्रेस (रनचा तपशील) ठेवतं, त्यामुळे दर मिनिटाला टाकीची लेव्हल बघणारं ऑटोमेशन असेल तर तुमच्या हातात पाच मिनिटांचा इतिहास आहे, रात्री तीनला पंप का लागला ते सकाळी शोधत बसा (ट्रेसची संख्या वाढवायचं stored_traces नावाचं सेटिंग आहे, ते वाढवा).

सगळ्यात जास्त लोक फसतात ते एन-एट-एन (n8n) या फ्लो बनवायच्या टूलमध्ये. डिफॉल्ट 336 तास, म्हणजे 14 दिवस, हे सगळ्यांना पाठ असतं, पण सोबत 10,000 एक्झिक्युशन्सची (म्हणजे रनची) मर्यादाही आहे आणि जी आधी गाठली जाईल ती लागू होते. दर मिनिटाचा एकच फ्लो दिवसाला 1,440 एक्झिक्युशन्स करतो, म्हणजे सात दिवसांत कोटा संपला, आणि ही मर्यादा अख्ख्या इन्स्टन्सची (सगळ्या फ्लोंची मिळून) असल्याने त्या बडबड्या फ्लोमुळे शांतपणे आठवड्यातून एकदा चालणाऱ्या फ्लोचा रेकॉर्डही ढकलला जातो. डिफॉल्ट हा स्टोरेज वाचवायचा अंदाज असतो हो, तुमचा बिघाड कसा शोधायचा याचा विचार करून तो आकडा कोणी ठेवलेला नसतो.

"फक्त फेल रन ठेवा."

हा सगळ्यात घातक मुद्दा. कारण खरा त्रास देणारे रन हिरवे, म्हणजे यशस्वी दिसणारे, असतात. शीटमधल्या कॉलमचं नाव कोणीतरी बदललं, एपीआयने (डेटा देणाऱ्या सेवेने) 200, म्हणजे सगळं ठीक, असं उत्तर देऊन रिकामी लिस्ट पाठवली, फ्लो शेवटपर्यंत गेला, टिक आली, आणि प्रत्यक्षात शून्य रो लिहिल्या गेल्या. यात फेल काहीच नाही, म्हणजे तुमच्या नियमाने लॉगही नाही. कधीपासून शून्य येतंय ते शोधायला शेवटचा चांगला रन लागतो, डॉक्टर नाही का जुना रिपोर्ट आणलाय का विचारत, तसंच. वेळेचंही तेच, 40 सेकंदांचा जॉब हळूहळू नऊ मिनिटांवर गेला तर तो टाइमआउट होऊन पडेपर्यंत सगळे रन सक्सेसच असतात.

आणि फेल ठेवायचेच तर पहिला फेल ठेवा. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबमध्ये (वेळापत्रकाने चालणाऱ्या जॉबमध्ये) डिफॉल्टने 3 यशस्वी आणि 1 फेल जॉब राहतो, म्हणजे रात्रभर दर पाच मिनिटांनी आपटत असेल तर सकाळी फक्त शेवटचा दिसतो, आणि त्यात बऱ्याचदा "लॉक आधीच घेतलाय" असला परिणाम असतो, मूळ कारण पहिल्यातच गेलं.

"एरर त्याच दिवशी कळतो."

क्रॅश झाला तर कळतो, मान्य. पण अमेरिकेतल्या टाइमझोनवर चालणारा रात्री दीडचा जॉब नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे गेल्यावर दोनदा चालू शकतो, आणि डबल एंट्री कळते महिनाअखेरीला ताळा जुळवताना.

"डिस्क भरते."

हिशोब करा ना. तासाला एकदा चालणारा जॉब, एका रनचा 20 केबी टेक्स्ट लॉग, वर्षाला 8,760 रन, म्हणजे साधारण 175 एमबी, तेही कॉम्प्रेस न करता. डिस्क खातो तो पेलोड, म्हणजे प्रत्येक स्टेपचा इनपुट-आउटपुट, पीडीएफ अटॅचमेंट्स, आणि कोणीतरी डीबग लेव्हल (बारीकसारीक सगळं नोंदवणारी) चालू करून विसरलेलं असतं ते. शिवाय एसक्यूलाइट डेटाबेसमधून रेकॉर्ड डिलीट केले तरी व्हॅक्यूम (रिकामी जागा आवळायची कमांड) केल्याशिवाय फाइल सहसा लहान होत नाही, त्यामुळे लॉगही गेले आणि जागाही मिळाली नाही असं होतं.

कंपनीसाठी काम करत असाल तर कायदाही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत आयसीटी (संगणक आणि संपर्क) सिस्टिम्सचे लॉग 180 दिवस सुरक्षित ठेवायला सांगितलंय. घरच्या पंपाला ते लागू नाही, ऑफिसच्या सर्व्हरवर मात्र सात दिवसांचा नियम लावण्याआधी तुमच्या कंप्लायन्सवाल्यांना विचारा.

त्या सल्ल्यातली एक भीती मात्र रास्त आहे, लॉगमध्ये ग्राहकांचे फोन नंबर, पॅन, टोकन (लॉगिनच्या किल्ल्या) पडलेले असतात आणि ते वर्षभर ठेवणं धोक्याचंच. म्हणून दोन भाग करा. पूर्ण पेलोड थोडे दिवस, आणि प्रत्येक रनची एक ओळ, म्हणजे कधी सुरू झाला, किती वेळ लागला, किती रो आत आल्या, किती बाहेर गेल्या, कुठलं व्हर्जन होतं, काय एरर आला, ही निदान वर्षभर. या ओळीत कोणाचं नाव-गाव लागतच नाही. एन-एट-एनमध्ये एखादा महत्त्वाचा रन टॅग करून ठेवला तर तो प्रूनिंगमध्ये (आपोआप होणाऱ्या सफाईत) जात नाही, चांगल्या रनचा नमुना म्हणून एक तरी तसा ठेवाच.

आणि हे आजच करा, कारण गिटहबवर मुदत वाढवली तरी ती फक्त नव्या लॉगना लागू होते, जुने त्यांच्या जुन्याच तारखेला जातात.