वीस मुलाखतींतून सिद्धांत निघतो

व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक दावा सारखा फिरत असतो: ‘मुलाखतींवरचं संशोधन म्हणजे किस्से. भेटतील त्या वीस जणांशी बोलून सिद्धांत होत नाही, किमान ३८४ जणांची प्रश्नावली हवी. ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या डेटातूनच सिद्धांत उभा करायची पद्धत) ही वाचन टाळायची पळवाट आहे, आणि कोडिंग (उताऱ्यांना लेबलं लावणं) तर सॉफ्टवेअरच करून देतं.’ असलं काही वाचून विद्यार्थी चांगला विषय सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ३८४. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यातला आहे. मोठ्या लोकसंख्येत एखाद्या गोष्टीचं प्रमाण ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगायचं असेल तर तो लागतो. ‘किती जण?’ विचारायचं असेल तर जरूर वापरा. ‘हे घडतं कसं?’ याचं उत्तर त्या तक्त्यात नाही.

ते कसं मिळतं, हे व्यवस्थापनाच्या अभ्यासक कॅथलीन आयझनहार्ट यांच्या १९८९च्या अभ्यासात दिसतं. मायक्रोकॉम्प्युटर क्षेत्रातल्या फक्त आठ कंपन्या, आणि भर मुलाखतींवर. झटपट निर्णय घेणारे कमी माहिती बघतात, कमी पर्याय तपासतात, अशी तेव्हाची समजूत होती. निघालं उलटंच. वेगवान कंपन्या जास्त माहिती वापरत होत्या, पण ती त्या घडीच्या कामकाजाची. अनेक पर्याय त्या एकदमच समोर ठेवत. मंद कंपन्या एक बाद झाला की दुसरा शोधायला घेत. मतभेदांचं काय? वेगवान कंपन्यांत आधी एकमताचा प्रयत्न व्हायचा. नाही जमलं तर सीईओ आणि संबंधित खात्याचा प्रमुख सगळ्यांचं ऐकून निर्णय घेऊन टाकायचे. मंद कंपन्या एकमताची नाहीतर एखाद्या मुदतीची वाट बघत राहायच्या. प्रश्नावलीत आपण आपल्याला आधी सुचलेलंच विचारतो. ही रीत कुणाला आधी सुचली असती?

‘भेटतील त्यांच्याशी बोलायचं’ हेही खरं नाही. ग्राउंडेड थिअरी मांडणारे ग्लेझर आणि स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणाऱ्या रुग्णांभोवतीचा व्यवहार अभ्यासत होते: आपण मरणार हे रुग्णाला कितपत ठाऊक असतं, आणि त्यावरून डॉक्टर-नर्सेसचं वागणं कसं ठरतं? म्हणून आधी रुग्णाला काहीच कळत नाही असे वॉर्ड निवडले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा, मग बेशुद्ध रुग्ण असलेला न्यूरोसर्जरीचा. नंतर मृत्यू अपेक्षित आणि झटपट येतो तो आयसीयू. मग तो अटळ पण संथ असतो तो कर्करोगाचा वॉर्ड. पुढे अचानक मृत्यूचा तातडीचा विभाग. आतापर्यंत हाती आलेल्या कल्पनेला कुठे धक्का बसेल, हे बघून पुढची जागा ठरत होती. इतका विचार करून निवडलेला नमुना सोयीचा म्हणता येणार नाही.

वाचनाबद्दल थोडक्यात. संशोधक कोरी पाटी घेऊन जात नाही, हे त्या दोघांनी १९६७च्या मूळ पुस्तकातच लिहिलंय. तयार चौकट डेटावर लादू नका, एवढाच त्यांचा आग्रह होता. संशोधक रॉय सडबी यांनी २००६मध्ये ‘वाचन नको’ हा गैरसमज नाव घेऊन खोडून काढला.

राहिलं सॉफ्टवेअर. ते उतारे साठवतं, शोधून देतं. ‘कामाचा ताण’ असं लेबल चाळीस उताऱ्यांना लावलं तर चाळीस लेबलं होतात, सिद्धांत होत नाही. हा ताण कुणाला येतो, कशामुळे वाढतो, एका विभागात तो का दिसत नाही, हे उतारे शेजारी ठेवून माणसालाच ताडून बघावं लागतं. अनेक प्रबंध इथेच थांबतात आणि लेबलांचा तक्ता ‘निष्कर्ष’ म्हणून छापतात. त्यांच्यावरची टीका रास्तच आहे, पण ती अर्धवट कामावरची टीका आहे, पद्धतीवरची नव्हे.

आठ कंपन्यांवरून सगळ्या उद्योगांचे टक्के काढता येत नाहीत, हेही बरोबर. तिथे सर्वेक्षणच हवं. पण त्यात काय मोजायचं, हे आयझनहार्ट यांच्यासारख्या अभ्यासांतून आधी कळावं लागतं. व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, ‘सॅम्पल किती?’ एवढंच विचारणाऱ्या परीक्षकांनी ‘तुमच्या मांडणीला न जुळणारी केस कोणती, आणि तिचं तुम्ही काय केलंत?’ हेही विचारावं.