आल्याच्या रसाचा साका आणि लिव्हरचे ‘नॅनोकण’

शिगम्यापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: आल्याच्या रसात निसर्गतःच नॅनोकण असतात. ते थेट लिव्हरमध्ये जातात आणि लिव्हर बरं करतात, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. रस काढून तासभर ठेवा, वरचं पाणी ओतून द्या, तळाशी उरलेला पांढरा थर म्हणजेच ते कण. हळद-मिरपूड घालून 21 दिवस घ्या. फॅटी लिव्हर, कावीळ, सिरॉसिस सगळं जातं. गोळ्या बंद करा. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची पटकन गळी उतरतात.

‘सिद्ध झालंय’, पण कुणावर? 2015 साली केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठाच्या गटाने आल्यापासून वेगळे केलेले कण उंदरांना तोंडावाटे दिले. दारूमुळे लिव्हरला होणारी इजा त्या उंदरांत कमी झाली. कणांतलं शोगाओल हे द्रव्य लिव्हरच्या पेशींची स्वतःची बचावयंत्रणा जागी करतं, असं त्यांना दिसलं. काम सुंदर आहे. पण ते उंदरांचं, आणि तेही दारूपासून बचावाचं. माणसाच्या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं मुरलेला सिरॉसिस, म्हणजे कायमचे व्रण पडून टणक झालेलं लिव्हर, त्याने बरा झाला, असं त्यात कुठेच नाही.

आता तो पांढरा थर. हा मी स्वतः करून पाहिला. पाव किलो आलं किसलं, फडक्यातून पिळलं, रस काचेच्या पेल्यात ठेवला. अर्ध्या तासात तळाशी पांढराशुभ्र साका बसला. वरचा रस ओतला आणि जखमेला लावतो त्या आयोडिनचा एक थेंब साक्यावर सोडला. तपकिरी थेंब बघता बघता निळा-काळा झाला. म्हणजे स्टार्च. तवकीर असते ना, तिचीच चुलत बहीण! मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि आल्यातले ते नॅनोकण जेमतेम काही शे नॅनोमीटरचे. ते पेल्यात आपसूक खाली बसत नाहीत. त्यांना खाली आणायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर लावणारं, गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज यंत्र लागतं, मग साखरेच्या कमी-जास्त दाट द्रावणाच्या थरांतून निवडून घ्यावं लागतं. गंमत अशी, की खरे कण असलेच तर त्या ओतून दिलेल्या रसात होते. ते मोरीत गेले.

‘थेट लिव्हरमध्ये जातात’ यात आल्याचा मोठेपणा काही नाही. आतड्यातून रक्तात शिरलेलं बहुतेक सगळं आधी लिव्हरकडेच जातं. शिरेतून टोचलेले कृत्रिम नॅनोकणही बरेचसे तिथेच अडकतात, कारण शरीराची गाळणी ती. दुसऱ्या अवयवापर्यंत औषध पोचवू पाहणाऱ्या संशोधकांची ती डोकेदुखीच आहे.

कावीळ हा मुळात एक आजार नव्हे, ते लक्षण आहे. लेप्टोने होते, दूषित पाण्यातून आलेल्या हेपॅटायटिस ए-ने होते, पित्तनळीत खडा अडकून होते. हेपॅटायटिस ए बहुतेकांचा आपोआप बरा होतो, आणि श्रेय त्या आठवड्यात पाला देणाऱ्याला मिळतं. पावसात आपल्या परसात उगवणारी, काविळीवर देतात ती भुईआवळी आठवा. 1988 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या डॉक्टरांनी छापलं, की भुईआवळी दिलेल्या हेपॅटायटिस बी-च्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. पुढे इतरांनी करून पाहिलं, तर तसा गुण आला नाही. तो प्रयोग तर माणसांवरचा होता.

सगळ्यात घातक वाक्य ‘अपाय नाही’ हे. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाही. ती शरीरात फारशी शोषलीच जात नाही. पण 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतलं पिपरिन सोबत दिलं तर माणसात हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याचं शोषण 2000 टक्क्यांनी वाढतं. जाहिरातवाल्यांना हा आकडा फार आवडतो. जास्त शोषलं म्हणजे जास्त गुण, असं ते धरून चालतात. 2022 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हळदीच्या गोळ्या-कॅप्सुलांनी लिव्हर बिघडलेले 10 रुग्ण नोंदवले. त्यातला एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुक सापडलं, आणि तपासलेल्या काही उत्पादनांत पिपरिनही होतं. आपल्यात ते जनुक आहे का, हे कोण तपासून हळद घेतो? कोणी भुकटी घेतच असेल, तर डॉक्टरकडे जाताना डबाच पिशवीत घालून न्यावा. नुसतं ‘आयुर्वेदिक काहीतरी’ सांगून त्यांना काही कळत नाही.

‘गोळ्या बंद करा’बद्दल एवढंच: शेजारच्या सिरॉसिसवाल्या काकांनी पोटातलं पाणी काढायच्या गोळ्या सोडून हा साका घेतला. दहा दिवसांत लुंगीची गाठ बसेना. आता ते परत गोळ्यांवर आहेत. त्यांना मजकूर पाठवणारे गृहस्थ परवा तिस्कावर भेटले आणि हळूच म्हणाले, “ते राहू दे, पण हुर्राकासोबत (काजूच्या दारूसोबत) आलं घेतलं तर चालतं मरे?”