पैठणीचा खेळ आणि पाचकळपणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

हळदीकुंकवातल्या 'खेळ पैठणीचा'बद्दल मी कौतुकानं लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. बायकांना स्टेजवर बोलावून नवरा-सासूवर पाचकळ विनोद करायचे, टीव्हीवरून उचललेला हा प्रकार बंदच व्हायला हवा आणि संतांच्या भूमीत राहणाऱ्यानं त्याची बाजू घेऊ नये, असं तुमचं म्हणणं.

संतांना मध्ये आणलंतच, तर पैठणच्या नाथांचं रोडग्याचं भारूड आठवा. त्यातली सून भवानीआईला नवस बोलते: सासरा गावी गेलाय, तिकडंच खपू दे, सासूला ने, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, शेवटी दादलाही नको. सोळाव्या शतकातली ही थट्टा. आत अध्यात्म आहेच, पण समोरचा माणूस आधी हसतो तो सासूवर.

टीव्हीचं म्हणाल तर 'होम मिनिस्टर' झी मराठीवर 2004 मध्ये सुरू झालं. लग्न कसं जमलं, उखाणा घ्या, सासूबाई काय म्हणतात, रोज तेच. लोकांना कंटाळा आला नाही, कारण आदेश बांदेकर घरात शिरायचे ते भावोजी म्हणून. दीर-भावजयीत थट्टा चालते आणि ती कुठं थांबवायची हेही दोघांना ठाऊक असतं. गावोगावच्या निवेदकांनी पैठणी उचलली, उखाणे उचलले. नातं काही उचललं नाही.

मागं परभणीत एका कार्यक्रमात निवेदकानं साठीच्या मावशींना विचारलं, "मालक काही कामाचे हायेत का नाहीत?" मावशींनी माईक ओढून घेतला. "कामाचे असते तर मी हितं फुगे फोडायला कामून आले असते?" मंडप हादरला. मालक मागं खुर्चीवर बसून सगळ्यात जास्त हसत होते. तुमच्या मते हे अश्लील. मला तर पैठणी तिथंच देऊन टाकावी वाटली.

त्याच निवेदकानं पुढं संगीत खुर्चीत एका अंगानं जाड बाईला म्हटलं, "खुर्चीचा विमा काढा हो कुणीतरी." लोक हसले, म्हणून मग रात्रभर तेच. दिसली जाड बाई की विमा. ती पदर तोंडाला लावून हसली खरी, पण पुढच्या खेळाला उठली नाही. तिला माईक कुणी दिलाच नव्हता. यावर मी लेखात लिहिलंय, चौथा परिच्छेद बघा. तुम्ही बहुतेक तिथपर्यंत पोचायच्या आधीच चिडलात.

बंदीला मात्र माझा पाठिंबा नाही. वर्षातून एकदा रात्री दहापर्यंत घराबाहेर बसायला मिळतं, ते जाईल. त्यापेक्षा बॅनरवरच्या भावी नगरसेवकाला फोन करा. मिक्सर, कुकर, पैठणी, निवेदकाचं मानधन, सगळं त्याच्याच खिशातून जातं आणि मतं बायकांचीच हवी असतात. जाडीवरचे, रंगावरचे विनोद नकोत, असं गल्लीतल्या चार जणींनी सांगितलं तर निवेदक दुसऱ्या दिवशी उखाण्यांवर येतो.