घ्या हो तात्या, थोडा बांध कोरा

जमीन कमी भरावी म्हणून देवाला नारळ बोललेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच माणूस. आबा वरून बघत असतील तर त्यांनी कपाळ बडवून घेतलं असेल. त्यांची सगळी हयात एकाच वाक्यात गेली : "आपला पुरा एकर हाय, त्यातला दीड हात तात्यानं खाल्लाय."

हा एकर रस्त्याला लागून आहे. पूर्वी त्यात ज्वारी यायची. पुढे शहर जवळ सरकत आलं तशी त्यात "विकायचंय का?" असं विचारणारी माणसं उगवायला लागली. दादा म्हणाला, विकण्यापेक्षा प्लॉट पाडू. मी लगेच एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. एकराचे चाळीस गुंठे, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे चाळीस प्लॉट. आठ उभे, पाच आडवे. सोलापुरी चादरीसारखं सुबक चित्र झालं. बायकोनं ते चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "मधल्या प्लॉटवाल्यानं घरी जायचं कुठून?"

बायकांना धंद्यातलं कळत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग एक एजंट आला. त्याच्या मते लेआउट, मंजुरी, नगररचना ही सगळी पैसा जास्त झालेल्यांची थेरं. "चुन्याची फक्की मारायची, कोपऱ्यात पांढरे दगड रोवायचे, वर कमान उभी करायची. कमानीला नाव द्यायचं. नावात 'सिटी' पाहिजे." त्यात शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू न देणारा १९४७ सालचा तुकडेबंदी कायदा आडवा येत नाही का, असं मी विचारलं, तर तो अशा नजरेनं बघायला लागला की जणू मी त्याला त्याच्या पहिल्या बायकोबद्दल विचारलं होतं. "अहो, असली बिनमंजुरीची गुंठा-गुंठा विक्री, म्हणजे गुंठेवारी, होते की नंतर नियमित. २००१ सालचा कायदाच आहे तसा."

आहे खरा. पण माझा मेव्हणा असल्याच एका फक्कीवरच्या कॉलनीत राहतो. गल्ली बारा फुटांची, आणि शेवटाला भिंत. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो तो सबंध गल्लीभर उलटा येतो, कारण आत शिरला तर वळायचा कुठे? क्लीनर मागे चालत "येऊ दे, येऊ दे, डावी मार" करतो, दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या मोटारसायकली उचलून ओट्यावर घेतात, तुळशीवृंदावनं आत ओढतात. मेव्हण्याच्या गेटचा खांब तीनदा पडला. चौथ्यांदा त्यानं बांधलाच नाही, गेट नुसतं भिंतीला टेकवून ठेवतो. त्याला भेटून आलो की आठ दिवस माझ्या डोक्यात "डावी मार" चालू असतं. म्हणून मी रीतसर लेआउट करायचं ठरवलं. यात नीतिमत्तेचा भाग फारसा नाही.

आर्किटेक्ट मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझी लग्नपत्रिका आधी पुढून वाचली ("शुभेच्छा हं!"), मग मागून. मग टेबलावर एक जाडजूड बाड ठेवलं. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२०. मुंबई आणि असे काही मोजके अपवाद सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला एकच. नावातलं 'प्रोत्साहन' कोणासाठी आहे हे मी शोधायचा प्रयत्न केला, पण तोवर त्यांनी माझ्या चादरीवर पट्टी ठेवून मधोमध दोन रेघा मारल्या होत्या.

"हा रस्ता. नऊ मीटर."

"मॅडम, नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट! आमच्या गावात देवाची पालखी दहा फुटांतून जाते."

"पालखी वळवायला लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "अग्निशामकला लागते." आणि रस्त्याच्या तोंडाला दोन्ही कोपरे त्यांनी असे गोल केले, की माझ्या काळजाचाच घास घेतला.

जमीन ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद. त्यातले पाऊणशे मीटर रस्त्याला, म्हणजे ६७५ चौरस मीटर गेले. मी ते सोसलं. मेव्हण्याचा खांब आठवून सोसलं. पण मग त्यांनी एका टोकाला चौकोन काढून त्यात हिरवी झाडं काढली. झाडं फार छान काढतात त्या.

"हे काय?"

"ओपन स्पेस. दहा टक्के. ४०० चौरस मीटर."

चार गुंठे! नुसते उघडे ठेवायचे! बांधायचे नाहीत, विकायचे नाहीत. आपल्याकडे ओपन स्पेस कितीसा ओपन राहतो तेही मला ठाऊक आहे. आधी एक बाक येतो, मग बाकाला पत्रा, मग पत्र्याखाली गणपती, आणि मग गणपती कायमचाच. अठ्ठावीस प्लॉट आणि वर एक तिरपा कपचा, एवढंच माझ्या पदरात उरत होतं.

माझं तोंड पाहून त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, "हा नियम ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीला आहे. तुमचा सातबारा किती दाखवतो?"

सातबारा ४० आर दाखवत होता. आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे बरोबर चार हजार. म्हणजे बरोबर ०.४ हेक्टर. एक चौरस मीटरसुद्धा कमी नाही.

"मोजणी झाली आहे का?" त्यांनी विचारलं. "सातबारा आणि मोजणी, दोन्हीत जे क्षेत्र कमी भरेल ते आपण धरतो."

त्या क्षणी मला आबांचा दीड हात आठवला.

उभ्या जन्मात मला तात्यांबद्दल इतकं प्रेम वाटलं नव्हतं. तात्या म्हणजे आमचे चुलत चुलते, बांधाला बांध. चाळीस वर्षं दोन घरांत लग्नाची पत्रिका पोस्टानं जायची, अंतर दीडशे पावलं. त्याच संध्याकाळी मी पावशेर पेढे घेऊन त्यांच्या ओसरीवर हजर झालो.

"कसलं पेढं?" तात्यांनी पुड्याला हात न लावता विचारलं.

"सहज. म्हटलं, तात्या, तो बांधाचा विषय आता संपवू. आबा म्हणायचे तुम्ही दीड हात घेतला. असू दे. ठेवा तुम्हाला. लेखी देतो."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यामागे वकील उभा आहे की काय. आतून काकूंनी ओरडून सांगितलं, "सही करू नगा कशावर!"

मोजणीची फी भरली. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या. तात्यांनी नोटीस तीन जणांकडून वाचून घेतली. ठरल्या दिवशी भूकरमापक आले. आबांच्या गोष्टींतली साखळी आता नाही. एका काठीच्या टोकाला पांढरी वाटी उपडी घातलेली, तिला रोव्हर म्हणतात. ते काठी टेकवतात, यंत्र आभाळाशी काहीतरी बोलतं आणि आपली हद्द सांगतं. निम्मं गाव जमलं होतं. तात्या धोतराचा सोगा हातात धरून काठीच्या मागे मागे, आणि मी तात्यांच्या मागे मागे, मनात म्हणत : तिकडं सरक, अजून तिकडं, तात्यांनी खाल्लेलं दिसू दे.

पहिली खुंटी ठोकली ती बांधाच्या अलीकडे. आमच्या रानात.

मला वाटलं, वाटीला काही झालं. दुसरी खुंटीही अलीकडे. तिसरीही. खरी हद्द सव्वा हात आमच्या बाजूला होती, आणि बांध त्याच्या पलीकडे तात्यांच्या रानात ऐसपैस बसला होता. बांध आपल्या पायांनी चालत नाही. मला एकाएकी आबा दिसले, नांगराचं शेवटचं तास, म्हणजे शेवटची रेघ, घेताना बैलांना हळूच "थिर्रर्र" करून तात्यांच्या अंगाला दाबणारे. लहानपणी मला वाटायचं, बैल वाकडे आहेत.

पुढे मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आली. सातबाऱ्याप्रमाणे ४,०००. प्रत्यक्ष वहिवाट ४,०४३. मी रात्री बसून हिशेब केला तेव्हा सगळा उलगडा झाला. गुंठा १,०८९ चौरस फूट आणि आर १,०७६. दोन्ही सारखेच असं आपण धरून चालतो, पण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो ४,०४७ चौरस मीटरचा. दशमान आलं, आमच्या एकराचे ४० आर झाले, आणि वरचे ४७ चौरस मीटर कागदावर विरघळले. "आपला पुरा एकर हाय" हे आबांचं वाक्य म्हणजे तक्रार नव्हती, संकल्प होता. दरसाल एक तास करत त्यांनी ४३ परत मिळवले होते. आणखी थोडं आयुष्य लाभतं तर उरलेले चारही आले असते.

मी पुन्हा पेढे घेऊन गेलो. या वेळी तात्यांनी पुडा उघडला.

"तात्या, सव्वा हात तुमचा, आजच घ्या. पण एक विनंती. त्याच्यावर वीतभर आणखी घ्या. आमचं क्षेत्र चार हजाराच्या खाली यायला पाहिजे."

मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं की असं चालत नाही, त्याला पोटहिस्सा मोजणी, दस्त, फेरफार सगळं लागेल, आणि त्या खर्चात बाग सोन्यानं मढवून होईल. पण आशा सुटत नव्हती.

तात्यांनी पेढा सावकाश खाल्ला. हात धोतराला पुसला.

"आमी दुसऱ्याचं घेत न्हाई," ते म्हणाले. "तुमच्यात असंल तशी रीत."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी उठलो.

"आन त्ये झाडाबिडाचं काय करनार हाईस म्हनं," मागून आवाज आला, "त्ये माझ्या बांधाकडं कर. दुपारचं बसायला बरं पडंल."

घरी येईपर्यंत मी भागाकार करत होतो. चारशे भागिले ऐंशी. बांधाच्या लांबीभर पाच मीटर, म्हणजे जवळजवळ अकरा हात.